कोरे सोडलेले तेवीस

परीक्षा ज्ञानाची नसते, प्रामाणिकपणाची असते. येतं ते लिहावं, येत नाही ते कोरं सोडावं आणि ताठ मानेने बाहेर पडावं.

हा विचार माझाच. परळच्या आमच्या चाळीत, माझ्या खोलीच्या भिंतीवर, जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर लाल पेन्सिलने लिहून मी तो चिकटवला होता. खाली सही केली नव्हती, एवढाच काय तो विनय. जवळजवळ वर्षभर तो तिथे होता. आता तिथे चिकटपट्टीचे चार डाग आहेत.

गिरगावातल्या एका छापखान्यात मी चाळीस वर्षं मुद्रितं तपासली. म्हणजे एकाने लिहिलेल्या आणि दुसऱ्याने जुळवलेल्या मजकुरातल्या चुका शोधल्या. या कामात एक नियम पाळायचा असतो: अक्षर लागत नसेल तर अंदाजाने काही घालायचं नाही. समासात प्रश्नचिन्ह करायचं आणि कागद ज्याचा त्याच्याकडे परत पाठवायचा. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी हा नियम मोडला, तेवढाच एकदा. एका लग्नपत्रिकेतली मुहूर्ताची वेळ पुसट होती, ती मी दहा धरली. होती बारा. वऱ्हाड दोन तास आधी येऊन बसलं आणि वधूपित्याला नाश्ता दोनदा करावा लागला. मालकांनी मला काढून टाकलं नाही. ती पत्रिका त्यांनी माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर डकवली. मी निवृत्त झालो त्या दिवशीही ती तिथेच होती. तोवर त्या जोडप्याला नातवंडं झाली असतील.

माझ्यापासून तिसऱ्या खोलीत तिघं राहतात. आई जवळच्या एका इस्पितळात आया आहे. तिची पाळी बहुतेक दुपारी दोनपासून असते. तिचा नवरा मुलगी लहान असतानाच गेला. घरात तिचे सासरे आहेत, ऐंशीच्या आसपासचे, मूळ मालवणकडचे. ते गिरणीत साचेखात्यात, म्हणजे मागांवर होते. गिरणी बंद पडल्यावर काही वर्षं त्यांनी नाक्यावर बसून मटक्याचे आकडे लिहून घेतले. साखरेने त्यांची नजर जवळजवळ गेली आहे. आणि तिसरी ती मुलगी, तेव्हा नुकतीच बारावीत गेलेली.

आजोबांना संध्याकाळी साडेसातला इन्सुलिन लागतं, आणि ते मुलगीच देते. आई कामावर असते, आजोबांना सिरिंजवरचे आकडे दिसत नाहीत, आणि मी एकदा टोचून दिलं तेव्हा त्यांनी पुन्हा तसदी न घेण्याची विनंती केली.

मुलीला सिव्हिल इंजिनियर व्हायचं होतं. आजोबांच्या गिरणीच्या जागेवर टॉवर चढताना ती गॅलरीतून बघत मोठी झाली. कुठला स्लॅब कोणत्या तारखेला पडला, याची तिची एक वहीच होती. सिव्हिल शिकवणारं सरकारी कॉलेज आमच्याकडून बसने अर्ध्या तासावर. तिच्या आवाक्यातली बाकीची सगळी खाडीपलीकडे, जिथून घरी यायला आठ-साडेआठ वाजतात. साडेसातचं इंजेक्शन साडेआठला देऊन चालत नाही. म्हणजे पर्याय म्हणून एकच कॉलेज होतं, आणि त्याच्या दारात प्रवेश परीक्षा उभी होती. ते मिळालं नाही तर चालत जाता येईल अशा कॉलेजात बी.एस्सी. करायची, असं घरात ठरलेलं होतं. ठरलेलं होतं म्हणजे त्यावर कोणी बोलत नसे.

त्या वर्षी आमच्या उत्सव मंडळाने तळमजल्यावरच्या व्यायामशाळेत प्रवेश परीक्षांवर मार्गदर्शन ठेवलं. वक्ते एका कोचिंग क्लासचे संचालक होते. त्यांच्या गालाला माइक चिकटवलेला होता. समोर तीस माणसं होती. चाळीस मिनिटं ते स्वप्नांविषयी बोलले. मग त्यांनी एका गरुडाची गोष्ट सांगितली, जो म्हातारपणी स्वतःची चोच दगडावर आपटून मोडतो आणि नवी उगवायची वाट बघतो. शेवटी त्यांना शाल आणि श्रीफळ मिळालं, आम्हाला त्यांच्या क्लासचं नाव छापलेलं एकेक पेन. परीक्षेत प्रश्न किती असतात हे कोणी विचारलं नाही आणि त्यांनीही सांगितलं नाही. मी डंबेल्सच्या शेजारी बसून हसलो. ते मुलीच्या आईने पाहिलं आणि जिन्यात मला गाठलं.

"हसलात ना काका?"

"गरुडाला हसलो."

"मग तुम्हीच सांगा आम्हाला समजावून. क्लासची फी झेपणारी नाही, आणि तिथे गरुडच शिकवणार असतील तर नकोच. तुम्ही एवढं वाचता."

एवढं वाचता, असं म्हटल्यावर नाही म्हणणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

झेरॉक्सवाल्याकडून मी माहितीपुस्तिका छापून आणल्या. दोन परीक्षा होत्या. एक दिल्लीची, साऱ्या देशाची. दुसरी आपल्या राज्याची, सीईटी. दिल्लीच्या परीक्षेत बरोबर उत्तराला चार गुण आणि चुकलं तर एक कापणार. सीईटीत बरोबर उत्तराला गुण आहेत, चुकीला शिक्षा नाही. आम्हाला हव्या असलेल्या कॉलेजला सीईटी लागत होती; दिल्लीची परीक्षा ती सरावासाठी देणार होती. दोन्ही पुस्तिका मी दोनदा वाचल्या. पहिल्या वेळी छपाईतल्या चुका काढल्या, सवयीने. दुसऱ्या वेळी अर्थ लावला.

चुकीच्या उत्तराचे गुण कापले जाणार नाहीत, हे वाक्य मी वाचलं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे चाळीत असं पसरलं की ते काकांच्या नजरेतून निसटलं. माझ्या नजरेतून काही निसटत नाही. मी ते वाचलं, त्याखाली लाल रेघ ओढली, आणि चार पर्यायांतला कुठलाही एक निवडायला मुलांना उत्तेजन देणाऱ्या सरकारबद्दल मला वाईट वाटलं. सरकारने अंदाजाला परवानगी दिली होती. मी दिली नाही.

सकाळी सात ते नऊ ती माझ्याकडे यायची. गणित मला फारसं कळत नाही, पण उत्तरपत्रिका तपासायला ते कळावं लागत नाही, उत्तरसूची पुरते. मी जुने पेपर जमवले, ती वेळ लावून सोडवायची आणि मी लाल पेन्सिल घेऊन बसायचो. उत्तर बरोबर असलं तरी मी तिला मधूनच थांबवायचो.

"हे कसं काढलंस?"

"असंच वाटलं, काका. बाकीचे तीन बसत नव्हते."

"वाटलं याला गुण नाहीत."

"पण बरोबर आलंय ना?"

"म्हणून तर जास्त वाईट."

आणि मी एक गुण कापायचो. बरोबर उत्तराचे गुण कापणारा मुंबई शहर जिल्ह्यातला मी एकमेव परीक्षक असेन.

ती हुज्जत घालणारी मुलगी नव्हती. शांतपणे टोचणारी होती. दिवाळीनंतर एकदा म्हणाली, "कॉलेजात पोरी सांगतात, सीईटीत मायनस नसतं. सगळे काहीतरी मारून येतात."

"मारू देत. तुला पूल बांधायचे आहेत ना? अमुक एक खांब पेलेल असं वाटलं, म्हणून ठेवला, असं करणार आहेस का?"

हे मला त्या वेळी फार बिनतोड वाटलं होतं. ती सावकाश म्हणाली, "पूल बांधायला आधी आत तर घेतलं पाहिजे."

मी हसून पुढचा पेपर काढला. भिंतीवरचा तो कागद मी त्याच आठवड्यात लावला.

हे सगळं आजोबा गॅलरीत खुर्ची टाकून ऐकायचे. माझ्या दाराबाहेर त्यांची जागा ठरलेली होती. दिसत नसल्यामुळे त्यांचं ऐकणं फार बारीक झालं होतं. एका सकाळी मुलगी कॉलेजला गेल्यावर त्यांनी मला हाक मारली. ते मला मास्तर म्हणतात. मी कधीच मास्तर नव्हतो हे त्यांना पक्कं ठाऊक आहे.

"मास्तर, त्या पेपरात चुकला तर काय कापतत?"

"दिल्लीच्या परीक्षेत कापतात. आपल्या राज्याच्या नाही."

"अजिबात नाय?"

"नाही."

"मगे सोडूचा कित्याक?"

"न येणाऱ्या प्रश्नाचं उत्तर ठोकून देणं म्हणजे जुगार झाला."

त्यांनी समोर पाहिलं, म्हणजे टॉवरच्या दिशेने तोंड केलं.

"जुगारात खिशातले जातत, मास्तर. आमच्याकडे दहा आकड्यांतलो एक लागा, नि पैसे नऊपट मिळत. दहावो भाग मालकाचो. तरी माणसा रांग लावीत. हंय चारातलो एक हा, नि लावूक काय्येक पडणा नाय. असो धंदो मीया जन्मात बघूक नाय."

नाक्यावर चिठ्ठ्या लिहिलेल्या माणसाने शैक्षणिक विषयावर मत द्यावं, याची मला गंमत वाटली. संध्याकाळी दादरच्या वाचनालयात ती गंमत मी दोघांना सांगितलीही. दोघेही हसले. दोघेही निवृत्त प्राध्यापक होते.

फेब्रुवारीत आईला सुट्टी होती तेव्हा मी दोघींना बसवून पर्सेंटाइल समजावलं. आईची समजूत अशी होती की पर्सेंटाइल म्हणजे टक्केच, इंग्रजीत जरा थाटात म्हणतात. हा गैरसमज तिचा एकटीचा नव्हता. आमच्या मंडळाच्या फळ्यावर दोन वर्षांपूर्वी एका मुलाचं "९१ टक्के मिळवल्याबद्दल" अभिनंदन झालं होतं, आणि त्या मुलाने अर्धा पेपरही बरोबर सोडवलेला नव्हता.

"समजा, शंभर जण रांगेत आहेत," मी म्हणालो. "तू ज्या जागी उभी आहेस, तिथे तुझ्या मागे नव्वद जण असतील तर तुझं पर्सेंटाइल साधारण नव्वद. तुला किती गुण पडले हा प्रश्नच नाही. पेपर अवघड असला तर थोड्या गुणांतही नव्वद, सोपा असला तर ढीगभर गुण मिळवूनही नव्वद."

"आणि पेपर तर रोज वेगळा असतो ना?" आईने विचारलं.

"म्हणूनच ही भानगड. ज्या दिवशी, ज्या पाळीत बसलीस, त्या पाळीतल्यांशीच तुझी तुलना. मग सगळ्या पाळ्यांच्या रांगा एकत्र करतात."

मुलगी पेनाचं टोपण चावत होती. ते गरुडवाल्यांनी दिलेलं पेन होतं.

"म्हणजे मला किती येतं, याला तसा अर्थ नाही," ती म्हणाली. "माझ्यापेक्षा कमी गुणांचे किती आहेत, याला आहे."

"बरोबर."

"मग ज्याला माझ्याएवढंच येतं, पण तो राहिलेले सगळे मारून आला, तो रांगेत माझ्या पुढे."

"पुढे असेल कदाचित. पण..."

"नाही, मी नुसतं विचारलं."

तिने विचारलं नव्हतं, सांगितलं होतं. गणित तिला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं, आणि त्या क्षणी ते माझ्या भिंतीवर चिकटवलेल्या कागदापेक्षाही चांगलं येत होतं. मला तेव्हा थांबता आलं असतं. 'राहिलेले मार बाई, सगळे मार,' एवढं म्हणायचं होतं. मी म्हणालो, "आपण आपल्या रीतीने जायचं." आईने मान डोलावली, कारण वाचणारा माणूस बोलत होता.

सीईटीचं केंद्र माझगावच्या बाजूला आलं. आईला रजा मिळाली नाही म्हणून मी सोबत गेलो. फाटकावर देशाची तिजोरी आत असावी असा बंदोबस्त होता. मुलींच्या केसांतल्या क्लिपा काढल्या, कानातले काढायला लावले, एकीच्या मनगटाचा काळा दोरा कात्रीने कापला. एका मुलाच्या शर्टाची बटणं मोठी म्हणायची की मध्यम, यावर दोन अधिकाऱ्यांचा मतभेद झाला आणि तिसऱ्याला बोलवावं लागलं. आत होती फक्त संगणकांची एक खोली.

आम्ही पालक मंडळी समोरच्या फुटपाथवर बसलो. तीन तास एका गृहस्थांनी आपल्या मुलाचा दिनक्रम सांगितला. तो मुलगा बदाम केव्हा खातो, हे मला अजून पाठ आहे. शेजारी वर्तमानपत्र अंथरून एक बाई पोथी वाचत होत्या. पेपर सुटल्यावर त्यांचा मुलगा आणि आमची मुलगी बरोबरच बाहेर आले.

"कसा गेला?" मी विचारलं.

"बरा. तेवीस सोडले."

"न येणारे?"

"न येणारे."

"शाब्बास," मी म्हणालो. मनापासून म्हणालो. एवढ्या गर्दीत एका मुलीने तेवीस प्रश्न कोरे सोडले होते. त्या तेवीस कोऱ्या जागांचा मला अभिमान वाटला.

पोथीवाल्या बाईंनी पोथी मिटली. "सोडले? का गं?"

त्यांचा मुलगा पाण्याची बाटली रिकामी करत होता. "अरे, सोडले काय? मी तर लास्ट दोन मिनिटांत बाकी होते ते सगळे सी मारले."

"सगळे सी?" मुलीने विचारलं.

"हां, सी. एकच ठेवायचं, विचार नाय करायचा. किती होते माहीत नाय, तीसेक असतील."

तिने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. पुसट अक्षर लागतंय का म्हणून बघावं, तसं. मग आम्ही बस पकडली. परळपर्यंत ती खिडकीबाहेर बघत होती आणि मी बदामांचा विचार करत होतो.

काही दिवसांनी संकेतस्थळावर तिचा पेपर, तिची उत्तरं आणि बरोबर उत्तरं पाहायला मिळाली. तिने ती छापून आणली. सोडवलेल्यांत चुका अगदी थोड्या होत्या. तेवीस ठिकाणी "उत्तर दिलेले नाही" असं छापलं होतं. मी पानं उलटत होतो आणि ती दाराशी उभी होती.

"मायनस नाही हे तुला माहीत होतं," मी म्हणालो. वाक्य बाहेर पडल्यावर मला कळलं की मी सुटका शोधत होतो.

"होतं."

"मग माझं कशाला ऐकलंस?"

"ऐकायचं नाही असंच ठरवून गेले होते. एकावर क्लिक केलं पण होतं." तिने माझ्या हातातल्या पानावर एक प्रश्न दाखवला. "हा. सी केला होता. मग वाटलं, आता तुम्ही विचाराल, कसं काढलंस. तिथे एक बटण असतं, दिलेलं उत्तर पुसायचं. ते दाबलं. मग बाकीच्यांना हातच लावला नाही."

मी सूची पाहिली. त्या प्रश्नाचं उत्तर डी होतं. हे मी तिला सांगितलं, जणू त्याने काही फरक पडणार होता. ती म्हणाली, "बघा, म्हणजे तुमचं बरोबर होतं," आणि आजोबांचं जेवण वाढायला गेली.

निकालात तिच्या मागे बरेच जण होते. पण गेल्या वर्षी त्या कॉलेजात सिव्हिलची शेवटची जागा जिथे संपली होती, त्याच्या ती किंचित खाली होती. किंचित म्हणजे दशांशचिन्हाच्या पुढचं. तरीही फॉर्म भरला. प्रवेशाच्या फेऱ्या असतात. एकेका फेरीत वरचे लोक दुसरीकडे जातात आणि रांग पुढे सरकते. आम्ही तिन्ही फेऱ्या पाहिल्या. यादी लागण्याच्या दिवशी आई सकाळी माझ्याकडे फोन घेऊन यायची, कारण इंग्रजीत लिहिलेलं वाईट असलं तर ते मी आधी वाचावं अशी तिची इच्छा असे. पहिल्या फेरीत नाही. दुसऱ्या फेरीत रांग बरीच सरकली आणि आईने खालच्या दुकानातून पेढे आणायचे की थांबायचं, असं मला विचारलं. मी थांबायला सांगितलं. या सबंध प्रकरणात मी दिलेला हा एकच सल्ला बरोबर निघाला.

तिसऱ्या फेरीत तिच्या वर्गातल्या एका मुलीला तिथे सिव्हिल मिळालं. दोघी एकाच पाळीत परीक्षेला बसल्या होत्या, एकाच प्रवर्गाच्या गुणवत्ता यादीत होत्या. उत्तरसूचीवरून दोघींनी आपापले गुण आधीच मोजून ठेवले होते. त्या मुलीला आमच्या मुलीपेक्षा तीन गुण जास्त होते, आणि तिथली सिव्हिलची शेवटची जागा तिला मिळाली होती.

तीन गुण. गणिताच्या प्रश्नाला दोन गुण असतात, बाकीच्यांना एक. म्हणजे दोन प्रश्न, फार तर तीन.

खाडीपलीकडच्या एका कॉलेजात तिला सिव्हिल मिळत होतं. आईने एकदा विषय काढला की इस्पितळात पाळी बदलून मिळते का बघते. आजोबा म्हणाले, "मीया एक दिवस सुई नाय घेतलंय तर काय मरान?" मुलगी म्हणाली, "हो." तिथे तो विषय संपला. पुढच्या सोमवारी तिने चालत जायच्या कॉलेजात बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. स्लॅबच्या तारखांची वही रद्दीत गेली की ट्रंकेत, हे मी विचारलं नाही. टॉवर तसाही पूर्ण झाला होता.

मी भिंतीवरचा कागद काढला. त्यांच्याकडे जाऊन काहीतरी बोलायला हवं होतं, आणि चाळीस वर्षं दुसऱ्यांची वाक्यं दुरुस्त केलेल्या माणसाला ते एक वाक्य जुळवता येईना. मी जायचो, आजोबांना पेपरातल्या बातम्या वाचून दाखवायचो आणि परत यायचो. आई चहा द्यायची. ती मला एका शब्दाने बोलली नाही. उलट मंडळाने गणपतीत बारावीच्या मुलांचा सत्कार केला तेव्हा तिनेच माझं नाव सुचवलं, आणि मार्गदर्शक म्हणून मला शाल मिळाली. मी ती घेतली. नको म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

गणपतीनंतरच्या एका रविवारी दुपारी आम्ही सगळे गॅलरीत होतो. आईला सुट्टी होती, ती लसूण सोलत होती. मुलगी कॉलेजची जर्नल लिहीत होती. मी पेपर वाचून संपवला होता. आजोबा मध्येच म्हणाले, "गो, तुझ्या त्या परीक्षेचे कागद हत काय अजून?"

"कशाला, आजो?"

"सोडलेले कितके होते?"

"तेवीस."

"ते कागद हाड, मास्तरांकडे दी. तू नुसतो नंबर वाच."

आई म्हणाली, "काय करायचंय आता ते उकरून?"

"दुपार जाऊची ना."

मुलीने जर्नल बाजूला ठेवली. आत जाऊन कागद आणले. उत्तरसूचीचं पान मला दिलं, आणि मला पेन्सिल लागणार हे धरून तीही दिली, लाल. कोऱ्या प्रश्नांच्या क्रमांकांवर बोट ठेवून ती एकेक वाचू लागली. प्रश्न ती वाचत नव्हती. वाचला असता तरी तो इंग्रजीत होता आणि आजोबांची शाळा चौथीपर्यंतची.

"चौदा."

आजोबांनी डोळे मिटले. खरं तर त्याची गरज नव्हती. "तीन."

"एकोणीस."

"एक."

"बावीस."

"परत एक."

"आजो, लागोपाठ एक?"

"मीया लिहून घेय होतंय तेव्हा लोक पण असाच म्हणत. परत एक."

असे तेवीस झाले. ते कधी पटकन सांगायचे, कधी खालच्या भाजीवाल्याची हाक संपेपर्यंत थांबायचे. चार फार वेळा सांगितला नाही. चार आकडा त्यांना कधी लाभला नाही म्हणाले. आई लसूण सोलायची थांबली होती. मुलगी प्रत्येक आकड्याचं ए, बी, सी, डी करून क्रमांकापुढे लिहीत होती, अगदी गंभीरपणे, परीक्षेत बसल्यासारखी. शेवटचं लिहून झाल्यावर तिने कागद माझ्याकडे सरकवला.

"तपासा, काका."

कसं काढलंत, हे मी विचारलं नाही. एकेक क्रमांक सूचीशी ताडून पाहिला आणि बरोबर असेल तिथे खूण केली. मग सवयीप्रमाणे पुन्हा पहिल्यापासून तपासलं.

सात बरोबर होते. त्यांतले तीन गणिताचे.